दादासाहेबांचे दोन हरिश्चंद्र

दरवर्षी 3 मे जवळ आला की दूरदर्शनवर, आणि आता मोबाइलवरही, तीच जुनी चित्रे फिरू लागतात. मुकुट घातलेला राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण धरायला शिकवतो आहे, शेजारी राणी आहे, मग नगरजन येतात आणि राजाला शिकारीला चलण्याची विनंती करतात. खाली अक्षरे असतात, भारताचा पहिला चित्रपट, राजा हरिश्चंद्र, 1913. दिग्दर्शक दादासाहेब फाळके. आपण मराठी माणसे अभिमानाने पाहतो आणि पुढच्याला पाठवतो.

या चित्रांबद्दल एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. दादासाहेबांनी हरिश्चंद्र एकदा नव्हे, दोनदा काढला. पहिला 1913 साली आणि दुसरा 1917 साली. आज शिल्लक असलेली रिळे पहिल्याची नसून दुसऱ्याची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे ज्या चित्रांना आपण शंभर वर्षांपूर्वीचा पहिला हुंकार समजतो, तो कदाचित त्याच माणसाने त्याच तोंडाने चार वर्षांनी पुन्हा दिलेला हुंकार असेल. असे का झाले, हे समजण्यासाठी दादासाहेबांचे आयुष्य सुरुवातीपासून पाहावे लागते. एकच काम मोडले की पुन्हा नव्याने उभे करायचे, हाच त्या आयुष्याचा क्रम होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. धुंडिराज हे गणपतीचेच नाव, तेव्हा गणेशोत्सवाच्या अंकात त्यांची आठवण काढायला वेगळे निमित्त नको. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले म्हणून कुटुंब मुंबईला आले आणि धुंडिराज 1885 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढल्याच वर्षी थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला आले.

इथून पुढची काही वर्षे आपल्या गावची आहेत. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन सुरू केले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवले. चित्रकला, रंगकाम, यंत्रकाम, वास्तुकला हे सारे एका छपराखाली शिकवणारी अशी संस्था त्या काळी दुर्मिळ होती. फाळके तिथे तैलरंग आणि जलरंग शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुरचना शिकले, आणि कॅमेरा हातात घेऊन फोटोग्राफीचे प्रयोग करू लागले. 1892 साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी हा मुलगा ओळखला. त्यांनी त्याला फोटोग्राफीची प्रयोगशाळा मोकळी करून दिली आणि तीन रंगांच्या ब्लॉकचे काम शिकायला रतलामला पाठवले. फाळक्यांच्या चरित्रात मुंबई आणि नाशिक यांची नावे मोठ्या अक्षरांत येतात, बडोद्याचे एखाद्या ओळीत उरकते. मला ते अन्यायाचे वाटते. रसायन, भिंग, रंग, रंगमंच आणि सुतारकाम हे सगळे एकाच माणसाच्या हातात आल्याशिवाय 1912 साली एकट्याने चित्रपट काढणे शक्यच नव्हते, आणि हे सगळे त्यांच्या हातात आले ते मुख्यतः इथे.

शिक्षण झाल्यावर त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय थाटला. तिथे प्लेग आला. पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ काढला, पण फोटो काढला की अंगातली शक्ती जाते आणि माणूस मरतो अशी समजूत तेव्हा लोकांत होती, आणि धंदा बसला. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपलेच आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. पुढे पडद्यावर माणसे अदृश्य करणारा आणि देव प्रकट करणारा दिग्दर्शक इथेच तयार होत होता.

1902 मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. सरस्वतीबाई ह्या त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या भांडवलदार म्हटल्या तरी चालेल, त्याबद्दल पुढे. 1903 साली फाळके पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे ते सरकारी नोकर होते. स्वदेशीची चळवळ उठली तेव्हा त्यांनी ही पगाराची नोकरी सोडली. आम्हा नोकरदारांना हे वाक्य लिहायला सोपे जाते, पण घरी महिना कसा भागवायचा हे ज्याला माहीत आहे त्याला त्याचे वजन कळेल. मग लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम, नंतर स्वतःचा छापखाना, 1909 साली जर्मनीला जाऊन आणलेली नवी यंत्रविद्या, आणि शेवटी भागीदारांशी मतभेद. नाव झालेला छापखाना सोडून ते पुन्हा मोकळ्या हातांनी घरी आले.

त्याच सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले, ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर ते मिळेल तो चित्रपट पाहत सुटले. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासे झाले, आणि उपचारांनी दृष्टी परत आली. विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. स्टुडिओ पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन ते 1 एप्रिलला परत आले. दोन महिन्यांत एका माणसाने एक उद्योग शिकून आणला.

कच्ची फिल्म यायची ती छिद्रे नसलेली. छिद्रे पाडण्याचे यंत्र वेगळे, आणि ते काम पूर्ण अंधारात करायचे. रात्री मुले झोपली की सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून पट्टीला छिद्रे पाडत. दिवसा त्याच सगळ्या कलाकारांचा स्वयंपाक करत. दागिने तर त्यांनी आधीच काढून दिले होते. धनकोंना पटावे म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून रोज थोडे चित्रण केले आणि बी रुजून वेल कशी वाढते हे मिनिटभरात दाखवले.

तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक हातांचा तरुण राणी झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सुमारे सात महिन्यांत काम झाले. 21 एप्रिल 1913 रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना खेळ दाखवला आणि 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. त्याआधीच्या वर्षी दादासाहेब तोरण्यांचे पुंडलिक याच कॉरोनेशनमध्ये झाले होते. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते, म्हणून पहिला मान बहुतेक जण हरिश्चंद्राला देतात.

चित्रपटाची लांबी 3700 फूट, चार रिळे. इथे थोडा हिशोब करू द्या, नकाशांच्या कामात आयुष्य गेल्यामुळे सवय लागली आहे. या फिल्मवर एका फुटात 16 चित्रे बसतात, म्हणजे एकूण 59 हजारांच्या आसपास. सुरतेत चित्रपट लागला तेव्हा पहिल्या दिवशी प्रेक्षक आले नाहीत. दोन आणे देऊन सहा तासांचे नाटक पाहणाऱ्याला तासाभराचा खेळ महाग वाटे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली आणि 57 हजार फोटो, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत, असे कळवले. लोक लोटले. फोटोंचा आकडा जवळपास खरा आहे. दोन मैल मात्र 10,560 फूट होतात आणि चित्रपट एक मैलसुद्धा भरत नाही. पण या गमतीतून एक कळते. त्या काळी चित्रपटाची ओळख फुटांनी होत असे, मिनिटांनी नव्हे. पडद्यामागे हँडल हाताने फिरवले जाई. सेकंदाला 16 चित्रे सोडली तर हाच हरिश्चंद्र तासाभराहून किंचित जास्त चालेल, 20 सोडली तर 50 मिनिटांत संपेल. हँडल फिरवणाऱ्याच्या दंडावर खेळाची लांबी ठरे. त्यात मधली अक्षरांची पाटी ज्या भाषेत हवी त्या भाषेत बसवता येई. तेव्हा एकाच चित्रपटाची दोन गावांत दोन रूपे होणे ही तेव्हाची रोजची गोष्ट होती.

आणि प्रत्येक खेळाला पट्टी थोडी झिजे. दात्यांच्या चाकावर छिद्रे फाटत, फाटलेला तुकडा कापून दोन टोके चिकटवत, प्रत्येक वेळी काही चित्रे कमी होत. फिल्म नायट्रेटची, पेट घ्यायला तत्पर आणि नुसती ठेवली तरी काही वर्षांत चिकट होऊन भुकटी होणारी. त्यावर आपली हवा. चित्रपट जितका चालला तितका तो संपत गेला. न चाललेला चित्रपट डब्यात तरी राहतो, लोकांनी डोक्यावर घेतलेला राहत नाही.

ऑक्टोबर 1913 मध्ये फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर आणि सत्यवान सावित्री काढले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, अशा दोन स्त्रिया प्रथमच पडद्यावर आल्या. 1914 साली तिन्ही चित्रपट घेऊन ते लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याच्या संधीही पुढे आल्या, पण त्यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. एवढ्यात महायुद्ध सुरू झाले. मुंबईच्या धनकोंनी हात आखडता घेतला आणि परत आल्यावर पगार द्यायलाही पैसा नव्हता. ते औंध, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांत चित्रपट दाखवत फिरले. आपल्या समाजाच्या पूर्वजांपैकी कुणी ना कुणी ते खेळ पाहिलेले असणार.

याच तंगीच्या काळात 1917 साली त्यांनी हरिश्चंद्र पुन्हा काढला. तोवर मूळ चित्रपटाची प्रिंट खेळून खेळून निकामी झाली होती, असे सांगितले जाते. लोकांना कथा हवी होती आणि हातात दाखवण्याजोगी पट्टी नव्हती. नवा चित्रपट मूळ चित्रपटापेक्षा आखूड केला. नाव सत्यवादी राजा हरिश्चंद्र. 1917 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात तो लागला. गंमत अशी की त्याच साली कलकत्त्यात मादन यांच्या कंपनीने रुस्तमजी धोतीवाला यांच्या दिग्दर्शनाखाली याच नावाचा चित्रपट काढला होता. एकच कथा, एकच नाव, एकच साल, आणि दोन शहरांत दोन चित्रपट. पुढे अभ्यासकांना डोकेदुखी झाली नसती तरच नवल.

आमच्या कामात ड्रॉइंगमध्ये एक रेघ बदलली तरी कोपऱ्यातल्या चौकटीत बदलाचा क्रमांक आणि तारीख टाकावी लागते, नाही तर साइटवर जुन्या नकाशाने भिंत उभी राहते. फाळके स्वतः ड्राफ्ट्समन होते, त्यांना हे नक्की माहीत होते. पण चित्रपटाच्या डब्यावर अशी चौकट नव्हती आणि कुणाला ती हवीही नव्हती. हरिश्चंद्र हे आख्यान होते. आज एका बुवांनी लावले, उद्या दुसऱ्यांनी. गेल्या वर्षीचे कीर्तन खरे आणि यंदाचे नकली, असे कुणी म्हणत नाही. त्या प्रेक्षकाला दुसरा हरिश्चंद्र म्हणजे हरिश्चंद्रच होता.

मला स्वतःला दुसऱ्या चित्रपटाबद्दल कमीपणा वाटत नाही. 1913 चा चित्रपट काढणारा माणूस सगळे पहिल्यांदाच करत होता. 1917 चा माणूस चार वर्षे मुरलेला होता. त्याच साली त्याने लंकादहन काढला, ज्यात साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, आणि त्याची कमाई बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. याच काळात त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही काढला, त्यात दादासाहेब स्वतः फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात. तेव्हा उरलेली रिळे या हातांची असतील तर ती अधिक सराईत हातांची आहेत. खाली साल मात्र चुकीचे पडत असेल तर ते बदलायला हवे, किंवा निदान दोन्ही साले लिहायला हवीत. त्याने फाळक्यांचे पहिलेपण जात नाही. 3 मे 1913 चा खेळ झाला तो झालाच, त्याची पट्टी उरो वा न उरो.

1918 साली भांडवलदारांच्या साहाय्याने हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे त्या काळातले. दोन्हींत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पण भागीदार आले की हिशोब येतात. खर्च जास्त होतो, वेळ जास्त लागतो, या तक्रारींना कंटाळून ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले आणि तिथे रंगभूमी हे नाटक लिहिले. 1922 च्या सुमारास परतले आणि पुन्हा त्याच कंपनीत काम करू लागले, पण पहिला जोम दिसला नाही. या वर्षांतले चित्रपट संख्येने पुष्कळ आहेत, त्यांत मी जात नाही.

सेतुबंधन मात्र सांगायला हवा, कारण तो पुन्हा दोन रूपांचा. हा मूकपट पैशाअभावी रखडत 1932 साली पुरा झाला. मधल्या काळात, 14 मार्च 1931 रोजी, आर्देशीर इराणींचा आलम आरा आला आणि मुक्या चित्रपटांचे दिवस भरले. फाळक्यांचा मूकपट जन्मतःच जुना झाला. मग त्यावर मागाहून आवाज चढवला आणि 1934 साली तो बोलपट म्हणून दाखवला. ओठ मुकेपणी हललेले आणि आवाज नंतर बसवलेला. साठी ओलांडलेला माणूस आपल्याच चित्रपटाला नव्या काळाचा अंगरखा घालत होता. तिकडे 1932 सालीच प्रभातने अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याची कथा कोणती, तर हरिश्चंद्राचीच. आणि तोही शांतारामबापूंनी मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित केला.

शेवटचा चित्रपट गंगावतरण, कोल्हापूर सिनेटोनसाठी. छत्रपती राजाराम महाराजांच्या बोलावण्यावरून फाळके कोल्हापूरला गेले. हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत, 1937 साली प्रदर्शित झाला. त्यानंतर ते नाशिकला परतले. 1939 साली भारतीय चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव मुंबईत झाला तेव्हा त्यांचा सन्मान झाला, पण काम कुणी दिले नाही. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि चित्रपट काढायला परवाना लागे. त्यांनी 73 व्या वर्षी परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारल्याचे पत्र आले आणि दोनच दिवसांनी, 16 फेब्रुवारी 1944 रोजी, नाशिकला ते वारले.

1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथले पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे जाऊन डब्यांत राहिलेले तुकडे मिळवले आणि त्यांच्या नव्या प्रती करवून घेतल्या. हे वेळेवर झाले, कारण 2003 साली पुण्यातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या मूळ पट्ट्यांची राख झाली. आज आपण पाहतो ते प्रतींमुळे.

हरिश्चंद्राची त्यांत पहिले आणि शेवटचे रीळ आहे. पहिल्यात धनुर्विद्या, शिकार आणि विश्वामित्राच्या यज्ञात झालेला व्यत्यय. शेवटच्यात तारामतीवर शस्त्र उगारलेला राजा आणि प्रकट झालेले शंकर. मधली दोन रिळे नाहीत. राज्यदान नाही, काशीच्या बाजारातली विक्री नाही, डोंबाघरची चाकरी नाही. दोन्ही रिळे इंटरनेटवर सहज सापडतात. घरातल्या मुलांना दाखवाल तेव्हा पहिले रीळ संपल्यावर थांबा. मधली कथा आजी-आजोबांना तोंडपाठ असेल, ती त्यांना सांगू द्या, आणि मग शेवटचे रीळ लावा.